डोळ्यांच्या खोलीतला वजनकाटा

डोळे तपासायला आलेल्या माणसाला "आधी या काट्यावर उभे राहा" असं सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. शहापूरच्या सरकारी दवाखान्यात मी बरीच वर्षं हे सांगत आले आणि तो चेहरा बघायचा मला कधी कंटाळा आला नाही. एक गृहस्थ चपला काढून, टोपी काढून, तंबाखूची डबी माझ्या टेबलावर ठेवून काट्यावर चढले आणि अगदी मनापासून विचारते झाले, "चष्मा ठेवू का काढू?" दुसरे एक मुकाट्याने बाहेर गेले, दारावरची पाटी वाचली, डोळ्यांचीच खोली आहे याची खात्री करून परत आले. एका आजीने तर मला खडसावलं, "दिसत नाय म्हणून आले गो. भाताची गोण हाय का मी, तोलतेस ती?"

मी डॉक्टर नव्हे. माझ्या पदाचं नाव नेत्र चिकित्सा सहायक. चष्म्याचा नंबर काढणं, डोळ्याचा दाब बघणं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पट्ट्या सोडणं, गावोगाव शिबिरं भरवणं ही माझी कामं. शिवाय थेंब घालून बाहुली मोठी झाली की बॅटरीसारख्या एका उपकरणातून डोळ्याच्या आत डोकावायचं आणि काही वावगं दिसलं तर तो माणूस डॉक्टरांपर्यंत पोचवायचा. आधी मुरबाडला होते, नंतर शहापूरला आले. माझं नाव सुनंदा. ते मस्टरवर आणि घरी. दोन्ही तालुक्यांत मला 'डोळेवाली बाय' म्हणत.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. जुन्या कॅमेऱ्यात जशी फिल्म असायची, तसा. जगातलं सगळं चित्र त्याच्यावर उमटतं. जाडीला तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा, आणि त्याच्यावरून केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. शरीर न कापता रक्तवाहिन्या उघड्या दिसतात ती ही एकच जागा. प्रशिक्षणात मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी बघतच राहिले. केशरी उजेड, त्यात एका बाजूला फिकट पिवळा गोल, आणि त्या गोलातून निघून पिंपळपानाच्या शिरांसारख्या चहूकडे पसरलेल्या नसा. समोर बसलेला माणूस बिचारा "झालं का? झालं का?" विचारत होता, आणि मला वाटत होतं, या माणसाच्या डोक्यात एवढी सुंदर वस्तू आहे हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

आता वजनाचं. पोटाचा भार डोळ्यावर येतो, अशी समजूत घेऊन काही लोक यायचे. तसं काही नसतं. वजन फार वाढलं की अंगात साखर आणि रक्तदाब शिरायला वाट होते. ती दोघं आली की सगळ्यात आधी सगळ्यात बारीक नसांना त्रास देतात. त्या नसा पाझरायला लागतात, पडदा सुजतो, कधी रक्त सांडतं. आणि दुखत काहीच नाही, हीच खरी अडचण. दात दुखला की माणूस पळत येतो, पडदा मुकाट्याने खराब होत राहतो.

वजन फार कमी असलं तरी पडद्याचे हाल होतात, हे मी आधी शिकले. कारण मुरबाडला असताना, नव्वदच्या दशकात, माझ्यासमोर जी माणसं येत ती बहुतेक हाडकुळीच असायची. तेव्हा खोलीत काटा नव्हता, त्याची गरजही नव्हती. हात धरून खुर्चीत बसवलं की हाताला वजन कळायचं.

तिथल्याच डोंगराकडच्या एका वाडीत शिबिर होतं तेव्हा सोमी आली. वीटभट्टीच्या कामावरून नुकती परतलेली, कडेवर पोर. पोर गुटगुटीत, आई मात्र काठीसारखी. तिची तक्रार अशी, की कोंबड्या खुराड्यात शिरल्या की तिचे डोळे मिटतात.

"मिटतात म्हणजे?" मी विचारलं.

"उघडेच असतात, पन दिसत नाय. सांज झाली की मी भिंतीला हात लावून चालते. सासू बोलते, सोंग करते कामाचा."

हा रातांधळेपणा. पडद्याला अंधुक उजेडात बघायला अ जीवनसत्त्व लागतं. भट्टीवर भात आणि मीठ खाऊन पोराला पाजणाऱ्या बाईच्या अंगात ते कुठून उरणार? शिबिराच्या डॉक्टरांनी तिला औषध दिलं. मी हिरवी पालेभाजी, अंडं, पपई यांचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम त्या वाडीवर गेले. संध्याकाळ उतरत होती. सोमी अंगणात होती. मला बघून ती पळत जाऊन एका कोंबडीच्या मागे लागली, करवंदीच्या जाळीपर्यंत गेली, कोंबडी पकडली आणि ती सासूच्या मांडीत टाकून म्हणाली, "बग, सोंग!" सासूसुद्धा हसायला लागली. माझ्या धंद्यात इतक्या झटपट बरं होणारं दुसरं काही नाही. ती कोंबडी त्यांनी मला द्यायची ठरवली होती. मी कशीबशी सुटका करून घेतली आणि सांगितलं, हिची अंडी सोमीला घाला.

शहापूरला बदली होईपर्यंत दिवस पालटले. वाशिंदला कारखाने, नव्या बिल्डिंगा, बसून करायच्या नोकऱ्या. गावात मोटारसायकली आल्या, वऱ्हाडाच्या जीपा दारापर्यंत यायला लागल्या. शेतावर चालत जाणारी माणसं चालेनाशी झाली, यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, जन्मभर ती पायपीट करून दमलीच होती. पण माझ्या खुर्चीत बसणारी माणसं जड झाली. आणि पडद्यावर जे आम्ही पुस्तकातल्या चित्रांत बघायचो ते ठिपके मला बाहुलीतून दिसायला लागले. आमच्याकडे आठवड्यातून एकदा येणाऱ्या डोळ्यांच्या सर्जन, नाडकर्णी मॅडम, एक दिवस म्हणाल्या, "सुनंदा, या खोलीत एक वजनकाटा हवा. साखर तपासा म्हटलं की लोक घाबरतात, वजनावरून बोलणं सुरू करता येईल." तसा काटा आला.

चांगुणाबाय आली ती लग्नसराईत. मुरबाडकडच्या एका खेड्यातली ही धवलारीण. आमच्याकडच्या कुणबी लग्नांत धवलारीण लागतेच. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, त्याला धवला म्हणतात, ती गाते, कुणी काय कधी करायचं ते तीच सांगते, भटजी आला तरी मांडव चालतो तिच्या शब्दावर. चांगुणाबायचं नाव दोन्ही तालुक्यांत होतं, कारण तिची गाणी पाठ केलेली नसायची. जुन्या चालीवर ती जागच्या जागी जोडायची. समोर बसलेल्या माणसांकडे बघायची आणि नवऱ्याच्या आत्याचं नाक, वरमाईची नथ, करवलीचा रुसवा, सगळं गाण्यात यायचं. लोक तिच्या तोंडी आपलं नाव यावं म्हणून पुढे बसायचे आणि येऊ नये म्हणून मागे लपायचे.

ती दारातून आत आली तेव्हा खोली भरून गेली. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"मला चष्मा दे गो बाय," ती बसत म्हणाली. "नवरा कंचा नि भाव कंचा, समजत नाय. काल मी हळद लावली ती नवऱ्याच्या भावाला."

"मग काय केलंत?"

"काय करनार? त्याला पुरतीच लावली. बोलले, याचाबी नंबर लवकर लागू दे. मांडव हसला, मीपन हसले. पन आतून नाय हसले गो."

मी भिंतीवरचा तक्ता दाखवला. काचा बदलून बघितल्या. कुठल्याही काचेने फरक पडेना. मग ती म्हणाली, "तुमच्या दाराची चौकट वाकडी हाय ती सरळ करा." चौकट सरळ होती. मी थेंब घातले, बाहुली मोठी व्हायची वाट बघितली आणि आत डोकावले. पडद्यावर लाल ठिपके, मेणाचे थेंब सांडावेत तसे पिवळे डाग, आणि जिथून आपण चेहरे ओळखतो, अक्षरं वाचतो त्या मधल्या जागी सूज, म्हणून सरळ चौकट तिला वाकडी दिसत होती. साखर तपासली, फार होती. रक्तदाबही वर. पुढच्या वारी मॅडमनी बघितलं आणि तेच सांगितलं. लेझर लागेल, मुंबईला मोठ्या सरकारी रुग्णालयात. गोळ्या सुरू. आणि वजन उतरायला हवं. मात्र उपास करून एकदम नव्हे, साखर झटक्यात पाडलेली पडद्याला मानवत नाही. हळूहळू.

मी तिला काट्यावर उभं केलं. काटा नव्वदीच्या पुढे गेला.

"बरा हाय की," ती समाधानाने म्हणाली. "धवलारीण भरलेली लागते गो. सुकट बाय मांडवात उभी ऱ्हायली तर नवरीची आय बोलंल, हिच्याच घरात खायाला नाय, ही आमच्या पोरीला काय भरल्या घराचा आशीर्वाद देनार?"

मी वजन, साखर, नसा, सगळं समजावलं. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "म्हंजे खेकडे."

"काय?"

"भाताच्या बांधाला खेकडे भोकं पाडतात नं. वरून बांध बरा दिसतो, आतून पानी जातं. तसेच माज्या डोळ्यात खेकडे लागले."

इतकी वर्षं मी लोकांना समजावत होते, पण याहून सोपं मला सांगता आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी सगळ्यांना खेकडेच सांगायला लागले. पण लेझर म्हणजे उजेडाचे बारीक चटके देऊन पाझर बुजवायचा, हे सांगितल्यावर हीच बाई माझ्यावर उलटली. "भोकं चिखलानं बुजवायची असतात. जाळून कोन बुजवतं? नाय गो, डोळा नाय जाळायचा."

"बरं, वजन तरी?"

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिला जेवढं दिसत होतं तेवढ्यात. मग म्हणाली, "पयली तू चढ काट्यावर."

मी टाळायला बघितलं. पण ती हलेना. शेवटी चढले. आकडा मी सांगितला असता तर तिने विश्वास ठेवला नसता, आणि तिला स्वतःला तो दिसत नव्हता, म्हणून तिने बाहेरच्या बाकावरून एका शाळामास्तरणीला हाक मारली. तिने आत येऊन सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "सत्तरच्या वर आहे!" आणि माझी उंची जेमतेम पाच फूट. बाहेर हशा पिकला. माझ्या रोजच्या बटाटेवड्यांचा हिशेब झाला म्हणायचा.

"आता बरा," चांगुणाबाय म्हणाली. "तू उतर, मी उतरते. तू नाय उतरलीस तर मीबी नाय."

मी हो म्हटलं. पण लेझरला ती काही तयार होईना. "लगनसराई उरकू दे," एवढंच. ती गेली आणि मला चैन पडेना, कारण मला वाशिंदचा एक फिटर आठवत होता.

तो दोन-तीन वर्षांपूर्वी आला होता. चाळिशीचा, दांडगा, हसरा. काट्यावर उभा राहून मित्राला म्हणाला, "खात्यापित्या घरचं वजन आहे." मी साखर तपासायला सांगितली, पडद्याला सुरुवात झालीय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, सध्या कामावर सुट्टी मिळत नाही, दिवाळीनंतर येतो. नंतर आला तो बायकोचा हात धरून. दोन्ही डोळ्यांत रक्त, एकाचा पडदा सुटलेला. मॅडमनी पाठवलं मुंबईला, पण फार काही हाताला लागलं नाही. तो माझ्याशी नीटच बोलला, उलट माझीच समजूत घातली, "तुम्ही सांगितलं होतं मॅडम, मीच आलो नाही." त्याची बायको मात्र भिंतीकडे तोंड करून उभी होती. आजही वाशिंदच्या स्टेशनावर उतरले की मला त्याची आठवण येते, आणि मी त्याच्या घराकडे जाऊन यायला हवं होतं असं वाटतं.

चांगुणाबायच्या बाबतीत मात्र मी गेले. तिच्या घरी दोनदा जाऊन आले. ती दोन्ही वेळा लग्नाला गेलेली! सुनेने चहा दिला आणि म्हणाली, "ती घरात गावायची नाय. जीप येते नि घेऊन जाते."

मग एका दुपारी ती आपणहून आली. मांडवातूनच आली होती. हाताला ओली हळद, गळ्यात कुणीतरी घातलेला हार, सोबत मुलगा. माझी खुर्ची चाचपून बसली.

"उजव्या डोळ्यात काळी कोळिष्टकं उतरली गो. धवला म्हणतानाच. नवरीच्या तोंडावर जाळं पसरलं. मी डोळा चोळला, जाळं हाललं, पन गेलं नाय." आणि मग हळू आवाजात, "बांध फुटला नं?"

बघितलं. उजव्या डोळ्यात रक्त होतं, पडदा दिसेनाच. मी खोटं सांगितलं नाही. सांगितलं, "एका ठिकाणी फुटलाय. हे रक्त बहुतेक हळूहळू निवळेल. पण डाव्या डोळ्याचा बांध आज शाबूत आहे. तो आता बुजवला नाही तर तोही जाईल."

तिने हाताची ओली हळद पदराला पुसली.

"आंधळी धवलारीण गाईल गो," ती म्हणाली. "आवाज हाय, गानी हायेत. पन मला कुनाचा तोंड दिसला नाय तर मी गाऊ काय? सगळ्या नवऱ्या एकच होतील मंग." आणि उठून उभी राहिली. "चल. तू बरोबर पायजेस पन."

मी गेले. रुग्णालयात लेझरच्या मशीनसमोर तिची हनुवटी टेकवून बसवलं. डॉक्टर तरुण होता, दाढी ठेवलेला, घाईतला. "आजी, अजिबात हलायचं नाही. बोलायचं पण नाही."

"बोलायचा नाय?" तिने माझ्याकडे बघितलं. तिला जाळण्यापेक्षा हे अवघड वाटलं असावं.

"आणि गायचं पण नाही," मी सांगितलं.

ती दगडासारखी बसली. हिरवा उजेड लुकलुकत राहिला. बाहेर आली ती डोळ्याला हात लावत, दिपलेली. व्हरांड्यात बाकावर टेकली, पाणी प्यायली आणि एवढा वेळ कोंडून ठेवलेलं सुरू झालं. डॉक्टरच्या दाढीवर, त्याच्या घाईवर, त्याचं अजून लग्न झालं नाही यावर. रांगेतली माणसं डोळे पुसत हसायला लागली, त्यातल्या अर्ध्यांच्या डोळ्यांत थेंब होते. डॉक्टर दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, रागावणार. तो म्हणाला, "आजी, माझं जमलं की तुम्हालाच बोलावतो."

लेझरने गेलेली नजर परत येत नसते, आहे ती राखली जाते, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. सूज उतरली तर थोडं सुधारतं, पण त्यासाठी साखर, दाब आणि वजन यांनी साथ द्यावी लागते. आता खरी परीक्षा होती. धवलारणीला कुणी उपाशी पाठवत नाही. नाही म्हटलं तर घरचा अपमान. लगेचच्या लग्नात बुंदीचा लाडू ताटात आला आणि तिने काय केलं? गायली. तिच्या मुलाने मला ते म्हणून दाखवलं:

"बुंदीचा लाडू गो, लाडू गो पिवळा,
दुरून मी पायला, लई देखना दिसला.
यायबायला वाढा गो, वाढा गो लवकर,
मला आना नाचनीची अर्धीच भाकर."

याय म्हणजे विहीण. मांडवात असा हशा झाला की नवऱ्याच्या आईने स्वतः उठून भाकरी आणून दिली. पुढच्या लग्नात लोकांनी तेच कडवं मागितलं. त्याच्या पुढच्या लग्नात भाकरी आधीच करून ठेवलेली! काही ठिकाणी म्हाताऱ्या बाया सांगायला लागल्या, "आमाला पन धवलारणीची भाकर द्या." वऱ्हाडाची जीप आली की ती गाण्यांच्या पिशव्या, म्हणजे तिचं कुंकू-हळदीचं सामान, जीपमध्ये ठेवायची आणि स्वतः चालत निघायची. जवळच्या गावांना तरी. जीपवाला कंटाळून तिच्या मागून पहिल्या गियरमध्ये यायचा.

इकडे मी. दवाखान्यापासून घरापर्यंत रिक्षा बंद केली. वड्याच्या गाडीवरून जाताना रस्ता बदलायचे, मग गाडीवाल्याने विचारलं, "ताई, माझ्या हातून काही चुकलं का?" त्याला सगळं सांगावं लागलं. महिन्याच्या महिन्याला चांगुणाबाय तपासणीला यायची, आणि आधी मी चढायचे, मग ती. आकडा वाचायला कुणीतरी बाहेरचं माणूस हवं, ही तिची अट कायम. एकदा माझं वजन वाढलेलं निघालं. माझ्या भाचीच्या बारशाचे दिवस होते. तिने मला असं काही फटकारलं की बाहेर बसलेला एक म्हातारा काट्यावर न चढताच निघून गेला. पावसाळ्यात लग्नं नसतात. उजव्या डोळ्यातलं रक्त तोवर बरंच निवळलं होतं, मॅडमनी त्यालाही लेझर करून घेतलं आणि जड ओझं सोडून शेतात काम करायला परवानगी दिली. लावणीत तिचं वजन झरझर उतरलं. "तुजा काटा बिघडला काय गो?" ती विचारायची, पण हसायची.

दिवाळीनंतर मॅडमनी तिचा पडदा बघितला आणि मला बोलावून म्हणाल्या, "बघ तू पण." मी डोकावले. मेणाचे डाग विरत चालले होते, मधली सूज उतरली होती. कडेला लेझरच्या खुणा, शेणाने लिंपलेल्या भिंतीवर बोटं उमटावीत तशा. पिंपळपानाच्या शिरा होत्या जागेवर. उजवा डोळा पूर्वीसारखा झाला नाही, तो अधू राहिला. पण डावा तक्त्यावरच्या मधल्या ओळींपर्यंत पोचला. मॅडमनी "छान" एवढंच म्हटलं. त्या कमी बोलायच्या. मी आणि चांगुणाबाय मात्र त्यांच्या देखत एकमेकींच्या गळ्यात पडलो, आणि दोघींचे हात आता एकमेकींच्या पाठीमागे पुरत होते.

पुढच्या हंगामात तिने निरोप धाडला. मुरबाडच्या पलीकडच्या एका गावात लग्न होतं. मुलीकडचे माझ्या ओळखीचे नव्हते, बोलावणं धवलारणीचं होतं: "माजे डोळे तपासायला ये. तुज्या खोलीत नाय, हितं." मी माझं ठेवणीतलं निळं पातळ नेसले, त्यावरचा जुना ब्लाऊज घातला आणि गेले. दुपारची वेळ, हळदीचा मांडव गच्च. मी मुद्दामच लांब, एका खांबाच्या आड उभी राहिले. मला बघायचं होतं ते तिचं काम.

ती मधोमध बसली होती. अंगाने निम्मी म्हणणार नाही, पण लुगड्याच्या निऱ्या वाढल्या होत्या. तिने नवरीची हनुवटी दोन बोटांनी वर केली, नीट बघितली, आणि गायला लागली. नवरीच्या उजव्या भुवईवरचा तीळ गाण्यात आला. वरमाईने घाईत उलटी घातलेली बांगडी आली. नवऱ्याला हळद लावली ती नवऱ्यालाच. त्याच्या भावाकडे बघून म्हणाली, "तू थांब, तुजी पाळी पुडल्या साली." माझ्या शेजारच्या बाईला काय कळणार, मी एवढी का हसतेय ते.

मग तिची मान फिरली. मांडवावरून नजर गेली, आणि खांबापाशी थांबली. मी आणखी आत सरकले. उपयोग झाला नाही.

"खांबामागं उभी गो, उभी गो लपून,
डोळेवाली बाय मी पायली हितून.
निळ्या तिच्या चोळीचा खांदा घसरला,
वजन माज्या बायचा खरंच उतरला!"

सगळा मांडव वळून माझ्या खांद्याकडे बघायला लागला. खांदा खरंच घसरला होता, मला पत्ताच नव्हता. नवरीसुद्धा मान खाली घालायची विसरली आणि हळदीच्या तोंडाने मोठ्याने हसली. मी पदर ओढला, शेजारणीकडे सेफ्टी पिन मागितली, आणि हसत हसत मी ती खांद्याला लावेपर्यंत चांगुणाबाय नवऱ्याच्या मामाच्या रंगवलेल्या मिशांवर पोचली होती.